उपचारांचा ताळा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षं गणित शिकलो. उत्तर बरोबर आलं तरी ताळा करून दाखवल्याशिवाय ते वहीवर सही करत नसत. तेव्हा त्याचा फार कंटाळा यायचा. पुढे डॉक्टर झालो, आयुष्यातली चौतीस वर्षं आयसीयूत काढली, तेव्हा त्या सवयीचं मोल कळलं. आयसीयूत उत्तरं भराभर द्यावी लागतात. रक्तदाब घसरला की औषध, प्राणवायू कमी पडला की नळी, लघवी थांबली की डायलिसिस. मॉनिटरवरचा आकडा सुधारतो, म्हणून प्रत्येक उत्तर त्या घटकेला बरोबर वाटतं. पण आकडा सुधारला तसा माणूसही सुधारला का? हा ताळा खाटेपाशी उभं राहून करता येत नाही. त्याला शेकडो, कधी हजारो रुग्ण लागतात, वर्षं लागतात, आणि आपलं चुकलं असेल हे मान्य करायची तयारी लागते. आज मला त्या ताळ्याविषयी बोलायचं आहे.

सुरुवात कोपनहेगनपासून करतो, कारण आयसीयूचा जन्म तिथला. १९५२ च्या उन्हाळ्यात त्या शहरात पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात रोज नवी मुलं येत होती आणि त्यांतल्या कितीतरी जणांचे श्वासाचे स्नायूच लुळे पडत होते. रुग्णालयात एक मोठा लोखंडी श्वसनयंत्राचा पिंप होता आणि छातीवर बसवायची सहा लहान यंत्रं. सुरुवातीला यंत्रावर घेतलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. या रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण वाढलेलं दिसे. डॉक्टर समजत होते की शरीरात अल्कली वाढली आहे. बियॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने वेगळा अर्थ लावला. मुलांना श्वास पुरत नाही, बाहेर जायला हवा तो वायू आत साठतोय, एवढंच ते आहे, असं त्याचं म्हणणं होतं. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मरणासन्न मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली गेली आणि त्याने रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास द्यायला सुरुवात केली. मुलगी वाचली. मग शहरातले वैद्यकीय विद्यार्थी पाळ्यांनी खाटांशेजारी बसले आणि रात्रंदिवस पिशव्या दाबत राहिले. साथ ओसरेपर्यंत सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी हे काम केलं. आधी अशा रुग्णांतले ८७ टक्के मरत, आता निम्म्याहून कमी मरू लागले.

ही गोष्ट मी दर वर्षी नव्या रेसिडेंट डॉक्टरांना सांगायचो. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत विष प्यालेल्या किंवा मण्यार चावलेल्या रुग्णाशेजारी बसून रात्रभर अंबू बॅग, म्हणजे तशीच श्वासाची पिशवी, दाबणारे भाऊ, मेहुणे, शेजारी मी डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यांना कोपनहेगन ठाऊक नव्हतं, पण ते तेच करत होते. मला त्या गोष्टीत अधिक महत्त्वाचं वाटतं ते हे, की इब्सेनकडे नवं यंत्र नव्हतं, नवं औषध नव्हतं. सगळे पाहत होते तोच आकडा त्याने पुन्हा तपासला.

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडे येतो. १९९६ चा पावसाळा. सव्वीस वर्षांचा एक मुलगा मलेरियाने आमच्याकडे आला. तिसऱ्या दिवशी त्याच्या छातीच्या एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी झाली. व्हेंटिलेटर लावला. त्या काळी आम्हाला शिकवलं होतं की वजनाच्या दर किलोमागे दहा ते पंधरा मिलिलिटर हवा एका श्वासाला द्यायची, म्हणजे रक्तातले वायू नीट राहतात. मी बाराच्या हिशेबाने दिली. रक्ताचे अहवाल सुरेख येत होते. मी ते त्याच्या वडिलांना दाखवत होतो. सहाव्या दिवशी त्याचं उजवं फुप्फुस फाटलं, छातीत हवा भरली. नळी टाकली. नवव्या दिवशी तो गेला. वडील शिंपी होते. जाताना त्यांनी माझे हात धरले आणि म्हणाले, डॉक्टर, तुम्ही काही कमी केलं नाहीत.

मे २००० मध्ये अमेरिकेतल्या दहा केंद्रांनी मिळून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अशाच पांढऱ्या फुप्फुसांच्या ८६१ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागलं होतं. एका गटाला किलोमागे १२ मिलिलिटर, दुसऱ्याला ६. बाराच्या गटात रक्तातला प्राणवायू पहिल्या काही दिवसांत जास्त चांगला होता. पण त्या गटातले ३९.८ टक्के रुग्ण मेले आणि सहाच्या गटातले ३१ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास आधीच थांबवावा लागला. कारण नंतर सोपं वाटतं. अशा आजारात फुप्फुसाचा मोठा भाग पाण्याने आणि सुजेने बंद झालेला असतो. उघडा राहिलेला भाग लहान मुलाच्या फुप्फुसाएवढा असतो, आणि आम्ही त्यात मोठ्या माणसाची हवा कोंबत होतो. वजनसुद्धा काट्यावरचं धरायचं नाही, उंचीवरून काढायचं, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुप्फुस वाढत नाही. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाला साधारण ३७० मिलिलिटर पुरतात. मी त्या मुलाला जवळजवळ दुप्पट देत होतो.

त्याचे वडील म्हणाले ते खरं होतं. मी कमी केलं नव्हतं, जास्त केलं होतं. आयसीयूच्या गेल्या पंचवीस वर्षांच्या संशोधनाचा मोठा भाग हेच सांगतो. कॅनडातल्या १९९९ च्या अभ्यासात ८३८ रुग्ण होते. हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलं की रक्त चढवायचं, ही तेव्हाची रीत. दुसऱ्या गटात सातपर्यंत थांबले. थांबलेल्या गटाचं नुकसान झालं नाही, रक्त मात्र कितीतरी वाचलं. रक्तातली साखर अगदी काटेकोर ठेवावी असं २००१ च्या बेल्जियममधल्या अभ्यासावरून जगभर सुरू झालं. २००९ मध्ये सहा हजारांवर रुग्णांचा ताळा केला तेव्हा काटेकोर गटातच मृत्यू जास्त निघाले. गुंगीच्या औषधांचंही तसंच. शिकागोमध्ये रोज सकाळी ती औषधं थांबवून रुग्णाला जागं होऊ दिलं, तर व्हेंटिलेटरचे दिवस सरासरी सातावरून पाचवर आले.

यांतला एक अभ्यास मात्र मी नुसता उल्लेखून सोडणार नाही. युगांडा, केनिया आणि टांझानियामधल्या साध्या रुग्णालयांत, जिथे व्हेंटिलेटर नव्हते तिथे, कॅथरिन मेटलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. तापाने फणफणलेलं, हातपाय गार पडलेलं, रक्ताभिसरण मंदावलेलं मूल आलं की त्याला झटपट सलाईन द्यायचं, हे पाठ्यपुस्तकांत होतं. तोवर फारशी कोणी शंका घेतली नव्हती. ३१४१ मुलं अभ्यासात आली. एका गटाला झटपट सलाईन, एकाला झटपट अल्ब्युमिन, तिसऱ्याला फक्त नेहमीच्या गतीचं पाणी. अठ्ठेचाळीस तासांत झटपट दिलेल्या मुलांपैकी साडेदहा टक्क्यांच्या आसपास गेली, न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. २०११ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा कित्येक ज्येष्ठ डॉक्टरांनी ते मानायला नकार दिला. त्यांचा राग मी समजू शकतो. आपण ज्या हाताने मुलं वाचवली असं आयुष्यभर समजत होतो, त्याच हाताबद्दल कोणी शंका घेतली तर ती पचत नाही. पण मला या अभ्यासाचा अभिमान वाटतो. गरीब देशातल्या मुलांना काय द्यावं हे श्रीमंत देशातल्या अनुभवावरून ठरवलं जातं. इथे ते त्याच मुलांना विचारून ठरवलं गेलं.

आणि असं काम आपल्या कोकणातही झालेलं आहे, हे इथे बसलेल्यांपैकी अनेकांना माहीत असेल. लाल विंचू चावला की घाम फुटतो, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. शेताच्या बांधावर, चुलीसाठी आणलेल्या लाकडांत, भाताच्या पेंढ्यात हा विंचू असायचा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी सरकारी नोकरीत असताना बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात ही मरणं पाहिली. तेव्हा गंभीर रुग्णांतले ४० टक्क्यांच्या घरात दगावत. त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या शेजारी बसून नाडी, रक्तदाब, श्वास, वेळ लिहून ठेवायला सुरुवात केली. त्या नोंदींतून त्यांच्या लक्षात आलं की विंचवाच्या विषाने शरीराचीच उत्तेजक रसायनं पुरासारखी वाहतात आणि रक्तवाहिन्या आवळतात. त्या उघडायला प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी वापरली. मृत्यूचं प्रमाण टक्क्याच्या आसपास उतरलं. पुढे विंचवाच्या विषावरचं अँटिव्हेनम निघालं, तर त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी स्वतःच्या गोळीचाही ताळा केला. ७० रुग्ण, अर्ध्यांना नुसतं प्राझोसिन, अर्ध्यांना प्राझोसिन आणि अँटिव्हेनम. दोन्ही मिळालेले कितीतरी लवकर बरे झाले. तो निबंध २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. महाडच्या खाजगी दवाखान्यातून. मुंबईच्या मोठमोठ्या आयसीयूंत एवढं काटेकोर काम फारसं झालेलं नाही, हे मी जबाबदारीने सांगतो, कारण मी तिथे होतो.

मुंबईत नाव घ्यायचं तर डॉ. फारोख उदवाडियांचं. जे. जे. रुग्णालयातल्या त्यांच्या आयसीयूत धनुर्वाताच्या रुग्णांना व्हेंटिलेटरवर ठेवून वाचवण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि १५० रुग्णांचा अनुभव १९८७ साली लिहून ठेवला. विळ्याने कापलेलं बोट, खिळ्याने टोचलेला पाय घेऊन येणारी ती माणसं होती. श्रीमंत देशांतून तोवर धनुर्वात जवळजवळ हद्दपार झाला होता. त्याचा अभ्यास आपणच करायला हवा होता, आणि केला.

यानंतर २०२० आणि २०२१ विषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीने सांगितलं की डेक्सामेथासोन या काही रुपयांच्या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांतले मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर येतात. त्याच चाचणीने हेही सांगितलं की ज्यांना प्राणवायू लागत नाही त्यांना त्याचा फायदा नाही, कदाचित तोटाच आहे. गंभीर रुग्णाला दिवसातले सोळा तास पालथं झोपवावं, हेही २०१३ च्या फ्रान्समधल्या अभ्यासाने आधीच दाखवलं होतं. त्यात मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले होते. पालथं करायला औषध लागत नाही, चारपाच माणसं लागतात. आणि ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीने सांगितलं की रेमडेसिविरने रुग्णालयातल्या रुग्णांचे मृत्यू कमी होत नाहीत, झाले तरी नावापुरते.

म्हणजे एप्रिल २०२१ मध्ये या सगळ्याची माहिती होती. तरी आपल्या शहरांत औषधाच्या दुकानांपुढे रात्रभर रेमडेसिविरसाठी रांगा लागल्या. मंगळसूत्रं गहाण पडली. मी स्वतः नातेवाइकांना चिठ्ठी लिहून दिली, कारण दिली नाही तर डॉक्टर काहीच करत नाहीत असं त्यांना वाटलं असतं. ही माझी लाज आहे. दुसऱ्या बाजूला, घरी बसलेल्या, प्राणवायू चांगला असलेल्या माणसांनी पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड घेतलं, साखर चारशेच्या वर गेली, आणि मग काळ्या बुरशीने डोळे गेले, जबडे गेले. योग्य माणसाला योग्य वेळी जे औषध जीव देतं, ते इतरांना घातक ठरू शकतं, हे आम्ही लोकांना वेळेवर आणि पुरेशा मोठ्या आवाजात सांगितलं नाही.

आतापर्यंत मी जिवंत आणि मेलेले एवढंच मोजलं. माझी कारकीर्दही बहुतेक तेवढ्याच मोजणीत गेली. रुग्ण वॉर्डात गेला की आमच्या रजिस्टरवर लाल शाईने ‘बरा’ लिहिलं जाई. एकदा एसटीतले एक कंडक्टर सेप्सिसमधून, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गातून, वाचले. एकवीस दिवस व्हेंटिलेटरवर होते. सिस्टरांनी पेढे वाटले. आठ महिन्यांनी त्यांच्या पत्नी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “डॉक्टर, ह्यांना कामावर घेतलं, पण वेबिल जुळत नाही. पन्नास दिले तर परत किती द्यायचे ते विचारत बसतात. रात्री उठून म्हणतात, खाटेपाशी माणसं उभी आहेत.” मी त्यांना सांगितलं, अशक्तपणा आहे, जाईल. माझ्या त्या उत्तराला कसलाही आधार नव्हता.

आधार पुढे सापडला, आणि तो उलटा होता. टोरांटोच्या मार्गारेट हेरिज यांनी गंभीर फुप्फुसविकारातून वाचलेल्या १०९ माणसांचा पाठपुरावा केला. वर्षभराने त्यांतले जेमतेम निम्मे कामावर परतले होते. पाच वर्षांनी फुप्फुसं जवळजवळ ठीक होती, पण सहा मिनिटांत माणसं अपेक्षेच्या तीन चतुर्थांश अंतरच चालू शकत होती. स्नायू गेले ते पुरते परत आलेच नाहीत. नॅशव्हिलच्या २०१३ च्या अभ्यासात ८२१ रुग्णांपैकी चौघांतल्या तिघांना आयसीयूत भ्रम झाला होता. वर्षभरानंतरही दर तिघांतल्या एकाची बुद्धी डोक्याला मध्यम मार बसलेल्या माणसाइतकी मंदावलेली होती, तरुणांचीसुद्धा. भ्रम जितके दिवस अधिक, तितकी हानी अधिक. कंडक्टर अशक्त नव्हते. त्यांच्या मेंदूला इजा झाली होती, आणि ती इजा माझ्या आयसीयूत झाली होती.

यावर काय करायचं, याची उत्तरं अजून कच्ची आहेत. २००९ मध्ये १०४ रुग्णांच्या अभ्यासात व्हेंटिलेटरवर असतानाच बसवलेल्या, उभं केलेल्या रुग्णांपैकी ५९ टक्के स्वतःची कामं स्वतः करण्याइतके होऊन घरी गेले, इतरांत ३५ टक्के. आम्ही आनंदाने ते सुरू केलं. २०२२ मध्ये ७५० रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात यापेक्षाही जोरात व्यायाम करवला, तर फायदा दिसला नाही आणि त्रास मात्र वाढला. म्हणजे उठवायचं, पण झेपेल तेवढंच. युरोपात सिस्टर आणि नातेवाईक मिळून रोजची वही लिहितात: आज काय झालं, कोण भेटायला आलं, का हात बांधले होते. बरा झाल्यावर ती वही रुग्णाला देतात. हरवलेले दिवस त्यातून जुळतात. ज्यांना अशी वही मिळाली त्यांच्यातला मानसिक धक्क्याचा आजार १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. वही आणि पेन. हे आपल्या तालुक्याच्या रुग्णालयातही जमेल.

आपल्याकडचा ताळा कुठे अडतो ते सांगतो. २०१०–११ मध्ये टाटा मेमोरियलचे डॉ. जिगीशू दिवातिया आणि देशभरच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ठरावीक दिवशी शंभरावर आयसीयूंतल्या चार हजारांवर रुग्णांची नोंद केली. भारतीय आयसीयूत कोण येतं, काय उपचार होतात, किती जण जातात, याचं पहिलं मोठं चित्र त्यातून मिळालं. २०१९ पासून भारतातल्या आयसीयूंची एक सामायिक नोंदवहीही सुरू आहे. पण आपल्या प्रत्येक रुग्णालयात एक रकाना असतो, ‘डामा’. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलेला रुग्ण. आपण सगळे जाणतो की त्यांतले किती जण खरोखर सल्ल्याविरुद्ध गेले आणि किती जण पैसे संपले म्हणून. जमीन विकून झालेली असते, बिल रोज वाढत असतं, आणि एके सकाळी मोठा मुलगा येऊन सांगतो, साहेब, घरी नेतो. अॅम्ब्युलन्समध्ये किंवा घराच्या उंबऱ्याशी ते माणूस जातं. आमच्या रजिस्टरमध्ये ते मेलेलं नसतं. ते मृत्यूंच्या टक्केवारीत येत नाही, कोणत्याच अभ्यासात येत नाही. म्हणून आपल्या रुग्णालयांच्या भिंतींवर लावलेले यशाचे आकडे मी मानत नाही, माझ्या स्वतःच्या जुन्या आकड्यांसकट.

यावर माझी मागणी फार मोठी नाही. आयसीयूतून बाहेर पडलेल्या प्रत्येक माणसाला, डामा घेतलेल्यालाही, तिसाव्या दिवशी एक फोन आणि वर्षाने एक फोन जायला हवा. तीन प्रश्न पुरतात. आहेत का? स्वतः अंघोळ करतात का? कामावर गेले का? त्यासाठी यंत्र नको, अनुदान नको. एक सिस्टर, एक रजिस्टर आणि आठवड्यातले दोन तास पुरतात. रुग्णालयांच्या विश्वस्तांनी, जिल्हा शल्यचिकित्सकांनी हे सुरू करावं अशी माझी इथून विनंती आहे.

आणि तुम्हाला एक विनंती. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात आयसीयू येऊन गेलं असेल. उद्या रुग्णालयातून असा फोन आला, तर बिलाचा असेल म्हणून कापू नका. बोलणाऱ्या सिस्टरला वाईट वाटेल म्हणून, किंवा आता काय उपयोग म्हणून, सगळं छान आहे असंही सांगू नका. फोन उचला, आणि जे झालं ते खरं खरं सांगा.